पशुखाद्यातील वनस्पतिजन्य स्वादद्रव्ये : कुत्रा, मांजर आणि घोडा

घोड्याच्या चंदीला किंवा कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्याला वास आणि चव यावी म्हणून अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेली वनस्पतींची पूड, अर्क, टिंक्चर (मद्यार्कात उतरवलेला अर्क) आणि सुगंधी तेले. पोषणाशी त्यांचा संबंध नसतो. जनावराने तोंड लावावे, खाद्यात कालवलेले औषध त्याला ओळखू येऊ नये आणि पुडा फोडताच मालकाच्या नाकालाही बरे वाटावे, एवढ्यासाठी ती घालतात. हे तिसरे कारण पुड्यावर छापलेले नसते.

घोडा वासाचा मोठा चोखंदळ. तोबऱ्यात नवे काही आले की तो आधी नाकपुड्या फुलवतो, मग ओठांनी चाचपतो आणि नको असलेली गोळी बाजूला सारून बाकीचे खातो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या २००५ सालच्या अभ्यासात घोड्यांपुढे निरनिराळ्या स्वादांचे खाद्य ठेवले, तेव्हा पहिला नंबर लागला मेथीचा. केळे, चेरी, रोझमेरी, जिरे, गाजर, पुदिना ही मंडळी तिच्या मागे राहिली. मांजराचे उलटे आहे. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचे एक जनुकच त्याच्यात निकामी असल्यामुळे गोडाचे त्याला सोयरसुतक नसते.

युरोपीय संघात ही द्रव्ये २००३ च्या १८३१ क्रमांकाच्या नियमनाखाली येतात. पूर्वापार वापरात आहे एवढे कारण तिथे पुरत नाही. जुन्या द्रव्यांचीही नव्याने छाननी होते आणि ती युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण करते. तपासणी वनस्पतीच्या नावावर थांबत नाही. हळदीचेच पाहा. २०२० च्या अहवालात तिचा अर्क, तेल, ऑलिओरेझिन (राळ आणि तेल एकत्र असलेला दाट अर्क) आणि टिंक्चर असे चार स्वतंत्र पदार्थ धरले आहेत. सांगलीच्या पेठेत जी एकच हळद, तिचे तेल काढले की कुर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य मागे राहते आणि बाष्पनशील द्रव्ये एकवटतात. साहजिकच एकाची मर्यादा दुसऱ्याला लावता येत नाही.

किती घातले तर चालेल याचे गणित दर किलो वजनामागे मांडतात. प्राधिकरणाच्या हिशेबात घोडा ४०० किलोचा आणि त्याचे रोजचे कोरडे खाद्य ८ किलो. कुत्रा १५ किलोचा, खाद्य २५० ग्रॅम. मांजर ३ किलोचे, खाद्य ६० ग्रॅम. भागाकार केला की गंमत दिसते : घोडा आणि मांजर दोघांच्याही वाट्याला दर किलो वजनामागे २० ग्रॅमच खाद्य येते, कुत्र्याच्या वाट्याला १७ ग्रॅमच्या आतबाहेर. तरीही मांजरासाठीची मर्यादा बऱ्याचदा खाली आणावी लागते. फरक पोटाचा नाही, यकृताचा आहे. बरीच सुगंधी द्रव्ये यकृतात ग्लुकुरोनिक आम्ल या शरीरातल्याच पदार्थाला जोडून शरीराबाहेर टाकली जातात आणि नेमके हेच काम मांजराला नीट जमत नाही. ओव्यातले थायमॉल किंवा लवंगेतले युजेनॉल घोडा निभावून नेईल अशा मात्रेतही मांजराच्या अंगात रेंगाळू शकते.

खरी डोकेदुखी एस्ट्रागोल, मिथाइल-युजेनॉल आणि सॅफ्रोल यांची आहे. बडीशेप, जायफळ, तुळशीच्या कुळातल्या काही वनस्पती यांच्या तेलांत ही द्रव्ये कमीजास्त असतात. यकृतात त्यांचे रूपांतर होऊन जी संयुगे तयार होतात ती डीएनएला चिकटतात. उंदरांमध्ये त्यातून गाठी होतात. अशा द्रव्यांना सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. म्हणून प्रयोगात गाठींचे प्रमाण वाढवणारी मात्रा आणि जनावराला प्रत्यक्ष मिळणारी मात्रा यांत निदान १०,००० पट अंतर असावे, असा दंडक आहे. ब्रॉयलर कोंबडीच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही, कारण गाठ होण्याइतके आयुष्यच तिला मिळत नाही. कुत्रा, मांजर आणि रपेटीचा घोडा मात्र वर्षानुवर्षे तेच खाद्य खातात. शिवाय युरोपात पासपोर्टवर ‘कत्तलीसाठी नाही’ अशी नोंद नसेल, तर घोडा खाण्याचे जनावर मानला जातो आणि मग त्याचे मांस खाणाऱ्याचाही विचार करावा लागतो.

जनावराला आवडते म्हणजे सोसते, हा समज लसणाने खोटा ठरवला. माश्या दूर राहाव्यात म्हणून घोड्याला लसूण घालण्याची पाश्चात्त्य तबेल्यांत जुनी रीत आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात २००५ साली वाळवलेल्या लसणाची मात्रा हळूहळू वाढवत नेली, तेव्हा दर किलो वजनामागे ०.२ ग्रॅमच्या वर तांबड्या पेशींत हाइन्झ पिंड, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे, दिसू लागले आणि घोड्यांना पंडुरोग झाला. ४०० किलोच्या घोड्याला हे ८० ग्रॅम होतात. जबरदस्ती कोणी केली नव्हती; घोडे आपणहून खात होते. कांद्याची कथा याहून वाईट. मांजराच्या दर किलो वजनामागे ५ ग्रॅम कांदा रक्त बिघडवायला पुरतो, म्हणजे ३ किलोच्या मांजराला आपल्या फोडणीतला मूठभरसुद्धा नव्हे. स्वादापुरती चिमूट आणि ‘औषधी’ म्हणून घातलेला चमचा यांत म्हणूनच फरक करावा लागतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या ‘हर्बल’ पुड्या बहुधा हा फरक पुसून टाकतात.

तीव्र तेले हाताळणाऱ्यांनाही त्रास देतात. खाद्य कारखान्यात ती कालवणाऱ्या कामगाराची त्वचा, डोळे आणि श्वसनमार्ग चुरचुरू शकतात. प्राधिकरणाच्या अहवालांत हा इशारा वारंवार येतो.

शर्यतीच्या आणि स्पर्धेच्या घोड्याबाबत प्रकृती ठणठणीत असूनही प्रश्न उभा राहतो, कारण तिथे नुसता अंश सापडणेही भोवते. मिरचीतले कॅप्सेसिन आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या प्रतिबंधित यादीत आहे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला झालेल्या अश्वारोहणात चार घोडे त्यामुळेच बाद झाले. खाद्यात चुकून मिसळलेली वनस्पतीही पुरते. ब्रिटनच्या तत्कालीन राणीची, दुसऱ्या एलिझाबेथची, एस्टिमेट ही घोडी २०१४ च्या अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली, पण तिच्या नमुन्यात मॉर्फिन हे अफूच्या झाडातले द्रव्य निघाले. दूषित खाद्यातून ते आल्याचे चौकशीत दिसले, तरी तिचा दुसरा क्रमांक गेला.