सायकलची मोटर चढावर का तापते?

साध्या सायकलला विजेचे किट बसवायचे ठरले की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: मोटर किती वॅटची घ्यावी? त्यापाठोपाठ दुसरा येतो: चालता चालता आपोआप चार्ज होणारे किट खरोखर मिळते का? पहिला प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दुसऱ्यामागे निव्वळ भूलथाप आहे. दोन्हींचे उत्तर मात्र मोटरच्या आत घडणाऱ्या एकाच घटनेत सापडते, आणि ती घटना मला विद्युतशास्त्रातील सर्वांत देखण्या घटनांपैकी एक वाटते.

चाकाच्या हबमध्येच, म्हणजे स्पोक जिथे एकत्र येतात त्या मधल्या भागात, मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन यांना अशा सायकलचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले होते. आजच्या हब मोटरमध्ये एक्सलला घट्ट जखडलेला, न फिरणारा गाभा असतो आणि त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळलेली असतात. भोवतीच्या कवचाला आतून चुंबक चिकटवलेले असतात, आणि ते कवच स्पोक व रिमसह फिरते. काही हबमध्ये मोटर आणि कवच यांच्यामध्ये दंतचक्रे व फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारी आणि दुसऱ्या दिशेने सुटी फिरणारी जोडणी, असते; तो हब हलका असतो आणि वीज बंद असताना चाक मोकळे फिरू देतो. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये मोटरला किती वीज जावी हे ठरवणारी कंट्रोलर नावाची डबी असते, आणि तिच्यापासून मोटरकडे तीन जाड तारा जातात.

या तीन तारा एकदा हातात घेऊन पाहाव्यात. बॅटरी काढून ठेवावी, तारा कंट्रोलरपासून सोडवाव्यात, सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करावी व चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरते. आता तिन्ही तारांची उघडी टोके एकमेकांना जोडून पुन्हा फिरवावे. चाक चिखलात रुतल्यासारखे जड होते, आणि जितक्या जोराने ढकलावे तितके अधिक अडते. टोके सोडवली की ते त्याच क्षणी मोकळे होते. दंतचक्रांचा हब असेल तर हा प्रयोग चाक उलट्या दिशेने फिरवून करावा, कारण सुलट फिरवल्यास आतले फ्रीव्हील सुटे राहते आणि काहीच जाणवत नाही.

वेटोळ्यांसमोरून चुंबक सरकले की त्यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. लेन्झ यांनी १८३४ मध्ये त्याची दिशा सांगितली: निर्माण होणारी विद्युतधारा ज्या हालचालीमुळे ती निर्माण झाली तिलाच विरोध करते. सहसा लक्षात येत नाही ते पुढचे. बॅटरी मोटर फिरवत असतानाही चुंबक वेटोळ्यांसमोरून सरकतच असतात. म्हणजे मोटर त्याही वेळी जनित्राचे काम करत असते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेने एक उलटा दाब उभा करत असते. इंजिनिअर त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. तो वेगाच्या सम प्रमाणात वाढतो. बॅटरीच्या दाबातून हा उलटा दाब वजा करून जे उरते, तेवढेच वेटोळ्यांतून विद्युतधारा ढकलू शकते.

एक हिशेब मांडून पाहू. बॅटरी ३६ व्होल्टची आहे, वेटोळ्यांचा रोध ०.४ ओहम आहे, आणि चाक हवेत मोकळे सोडल्यास ते ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने फिरते असे समजू. त्या वेगाला उलटा दाबही ३६ व्होल्ट होतो, वजाबाकी शून्य येते, आणि मोटर याहून वेगाने जाऊ शकत नाही. कमाल वेग वॅटवर ठरत नाही, बॅटरीच्या व्होल्टवर आणि मोटरच्या गुंडाळणीवर ठरतो, तो यामुळे. ताशी २५ किलोमीटरला उलटा दाब ३० व्होल्ट असतो. उरलेले ६ व्होल्ट ०.४ ओहममधून १५ अँपिअर ढकलतात. बॅटरी ३६ गुणिले १५, म्हणजे ५४० वॅट देते. त्यांतले ४५० रस्त्यावर कामी येतात आणि ९० वॅट उष्णतेत जातात. किरकोळ व्यय सोडून दिले तर कार्यक्षमता ८३ टक्के भरते.

आता तीच सायकल चढावर ताशी ५ किलोमीटरने रखडते आहे असे धरू. उलटा दाब फक्त ६ व्होल्ट. अडवणारे कोणी नसल्यामुळे विद्युतधारा बेसुमार वाढली असती, पण कंट्रोलर बॅटरीकडून १५ अँपिअरपेक्षा जास्त घेत नाही. म्हणून मोटरमधून १५ अँपिअरच वाहत असतील असे वाटते; प्रत्यक्षात ३० वाहत असतात.

हे दुप्पट कसे होतात, ते नीट पाहण्यासारखे आहे. कंट्रोलरमध्ये मॉसफेट नावाचे सहा विद्युत-स्विच असतात, दोनदोनच्या तीन जोड्या. प्रत्येक जोडी एका जाड तारेला बॅटरीच्या धन किंवा ऋण टोकाशी जोडते. चुंबक नेमके कुठे आले आहेत, हे हबमधील तीन सेन्सर कंट्रोलरला कळवतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर ते चालतात. चुंबकांच्या जागेनुसार जोड्यांचा क्रम सहा अवस्थांतून पुढे सरकतो. त्या प्रत्येक अवस्थेतही स्विच सलग चालू नसतो. तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. वेटोळ्यातील विद्युतधारेला एक प्रकारचे जडत्व असते, त्यामुळे स्विच बंद झाल्या क्षणी ती थांबत नाही, शेजारच्या स्विचमधून वळसा घेऊन वाहत राहते. स्विच निम्मा वेळ चालू असेल तर मोटरला सरासरी १८ व्होल्ट मिळतात. बॅटरी निम्म्या वेळेपुरतीच विद्युतधारा देते, पण मोटरमधली अखंड वाहते. बॅटरीच्या बाजूला ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअर, मोटरच्या बाजूला १८ व्होल्ट आणि ३० अँपिअर: गुणाकार दोन्हीकडे ५४०. कंट्रोलर येथे विजेचा गिअर झालेला असतो.

मोटरचा पीळ (टॉर्क), म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, विद्युतधारेच्या प्रमाणात असतो, म्हणून तो दुप्पट होतो, आणि चढावर तेच हवे असते. उष्णता मात्र विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० चा वर्ग गुणिले ०.४, म्हणजे ३६० वॅट. ५४० पैकी रस्त्याला मिळाले जेमतेम १८०. सायकल चढावर अगदी थांबलीच आणि स्वार थ्रॉटल धरून राहिला, तर उलटा दाब शून्य होतो आणि येणारा प्रत्येक वॅट तांबे तापवण्यात जातो. मोटरवर छापलेला वॅटचा आकडा म्हणजे ती न जळता सतत किती काम करू शकेल याची मर्यादा असते. २५० वॅटच्या मोटरने चढावर काही मिनिटे ३६० वॅटची नुसती उष्णता सोसणे म्हणजे काय, हे त्यावरून समजावे.

पेडल मारण्याचे महत्त्व मला येथे पटवायचे आहे. सायकल आणि स्वार मिळून वजन १०० किलो आणि चढ १२ टक्क्यांचा असेल, तर वरील मोटर एकटी साधारण ताशी ५ किलोमीटरनेच चढते. स्वाराने पायांनी ६० वॅटच्या आसपास भर घातली, म्हणजे दमछाक न होता पेडल मारत राहिले, की वेग ताशी १० वर जातो. उलटा दाब १२ व्होल्ट होतो, मोटरमधली विद्युतधारा सुमारे २५ अँपिअरवर उतरते आणि उष्णता ३६० वरून साधारण २५० वॅटवर येते. शिवाय चढ निम्म्या वेळात संपतो. एक किलोमीटरच्या अशा चढाला पूर्वी १०८ वॅट-तास लागत होते, आता ५४ लागतात. आणि वर पोचेपर्यंत मोटरमध्ये निर्माण होणारी एकूण उष्णता जवळपास एक तृतीयांश होते. पायांचे ६० वॅट मोटरला तिच्या सोयीच्या वेगाला आणून सोडतात, आणि ही मदत ६० वॅटपेक्षा कितीतरी मोठी ठरते.

आपोआप चार्ज होण्याचा दावाही याच उलट्या दाबाने निकालात निघतो. पुढच्या चाकातील जनित्राने मागच्या चाकातील मोटरची बॅटरी भरायची म्हटले, तर जनित्र चाकाला अडवते, ती अडवणूक मोटरला भरून काढावी लागते, आणि दोन्ही ठिकाणी उष्णतेची गळती होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेला यात कुठेही सूट मिळत नाही. ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत मिळवता येते, हे खरे. पण १०० किलोची सायकल ताशी २५ किलोमीटरने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे २४०० ज्यूल, म्हणजे ०.६७ वॅट-तास असते. किलोमीटरला १० वॅट-तास खर्च धरला, तर यातली सगळीच्या सगळी परत मिळाली तरी ती ७० मीटरही पुरत नाही. लांब उतारावर हाच लाभ अर्थपूर्ण होतो, पण फ्रीव्हील असलेल्या हबला तोही नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीत एकापुढे एक जोडलेले सेलचे दहा गट असतात. प्रत्येक गट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून चार्जर नेमका ४२ व्होल्टचा लागतो. तो बदलून दुसरा लावू नये, आणि सुटे सेल घरी डाख देऊन जोडू नयेत; तेथे चुकीची शिक्षा आग ही असते.

किट बसवताना सर्वाधिक दुर्लक्ष होते ते एक्सलच्या टोकांकडे. साध्या चाकाचा एक्सल केवळ भार पेलतो. हब मोटरचा एक्सल मात्र, न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार, चाक जितक्या जोराने पुढे फिरते तितक्याच जोराने मागे फिरू पाहतो. त्याला रोखतात ते त्याच्यावर घासून केलेले दोन सपाट काठ, एकमेकांपासून सुमारे १० मिलिमीटर अंतरावर, चिमट्याच्या, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांच्या, खाचेत बसलेले. पीळ ४० न्यूटन-मीटर असेल, तर १० मिलिमीटरच्या त्या अंतरावर ४००० न्यूटनचे बल पडते. चारशे किलोचे ओझे खाचेच्या ओठांवर पाचर मारत असल्यासारखे. ॲल्युमिनियमचा चिमटा तेथे उकलू किंवा फुटू शकतो. मग एक्सल खाचेत गरगर फिरतो, तारा पिळवटून तुटतात आणि चाक सुटते. यावरचा उपाय म्हणजे टॉर्क आर्म ही पोलादी पट्टी. तिचे एक टोक एक्सलच्या सपाट भागावर घट्ट बसते आणि दुसरे दहा सेंटिमीटर दूर सायकलच्या नळीला बांधले जाते; तेवढ्या लांबीमुळे बल दहा पटींनी कमी होऊन ४०० न्यूटनवर येते. माझ्या मते ही पट्टी ऐच्छिक मानूच नये, आणि पुढच्या चिमट्यात मोटर बसवायची तर तो पोलादीच असावा.

एक्सलमधून बाहेर येणारी तार आधी खाली झुकून मग वर गेली पाहिजे, म्हणजे पावसाचे पाणी त्या वळणावरून ठिबकून जाते, हबमध्ये शिरत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर नटांना पुन्हा पाना लावावा, कारण तोवर खाचेवरचा रंगाचा थर वॉशरखाली दबून चपटा झालेला असतो आणि सुरुवातीला करकचून आवळलेला नट तेवढ्यानेच सैल पडतो.