दोषविभागणीचे नियम आणि अपघात-भरपाई (अमेरिका)

अपघातात जखमी झालेल्याचीही थोडीफार चूक असेल, तर त्याला भरपाई किती द्यायची, की द्यायचीच नाही, हे ठरवणारे नियम. अमेरिकेत हे बहुतांशी ज्या त्या राज्याचे असतात. म्हणून इजा तीच, दवाखान्याचे बिल तेच, पण हाती पडणारी रक्कम राज्यागणिक बदलते.

जुना नियम इंग्लंडचा. डर्बी येथे घराच्या दुरुस्तीसाठी एकाने रस्त्यात आडवा वासा टाकून ठेवला होता. ऑगस्टमधली संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. तरी शंभर यार्डांवरून अडथळा दिसेल इतका उजेड होता. भरधाव आलेला घोडेस्वार त्यावर आदळला. जपून गेला असता तर वाचला असता, या कारणाने १८०९ साली बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर खटल्यात त्याला छदामही मिळाला नाही. वासा टाकणारा सुटला. यातून ‘अंशदायी निष्काळजीपणा’चे तत्त्व रुजले: दावेदाराचा किंचित दोष निघाला तरी दावा बुडाला.

इंग्लंडने १९४५ मध्ये कायदा करून ते सोडले. अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया ही राज्ये मात्र अजून त्यालाच धरून आहेत. मेरीलँडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१३ मध्येही ते बदलायला नकार दिला. हेच तत्त्व पाळणाऱ्या राजधानी वॉशिंग्टन डीसीने २०१६ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांपुरती सवलत दिली.

इतरत्र बहुतेक ठिकाणी ‘तुलनात्मक’ नियम चालतो. दोषाच्या टक्केवारीइतकी रक्कम कापली जाते. कॅलिफोर्नियात १९७५ पासून नव्वद टक्के दोषी माणसालाही उरलेले दहा टक्के मिळू शकतात. अनेक राज्ये मध्येच रेघ ओढतात. टेनेसी, जॉर्जिया, कोलोरॅडोत दोष पन्नास टक्क्यांना टेकला की दावा संपतो. टेक्सास आणि इलिनॉयमध्ये पन्नासच्या वर गेल्यावर. फ्लोरिडा २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गटातून या शेवटच्या गटात आले.

हा फरक ब्रिस्टल गावात डोळ्यांना दिसतो. तिथल्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध राज्यांची हद्द आहे: उत्तरेला व्हर्जिनिया, दक्षिणेला टेनेसी. समजा, एका पादचाऱ्याला मोटारीने धडक दिली, नुकसान एक लाख डॉलर आणि त्याचा स्वतःचा दोष वीस टक्के ठरला. टेनेसीचा कायदा लागला तर ऐंशी हजार, व्हर्जिनियाचा लागला तर शून्य. कुठला कायदा लावायचा यावर साहजिकच वकिलांची जुंपते. सहसा इजा जिथे झाली तिथला लागतो.

दावेदाराचा दोष सिद्ध करायची जबाबदारी साधारणपणे प्रतिवादीवर असते, आणि टक्के ज्युरी ठरवते. पण बहुसंख्य दावे ज्युरीपर्यंत पोहोचतच नाहीत; तडजोडीत मिटतात. तिथे विमा कंपनीचा माणूस अपघातानंतरच्या पहिल्याच फोनवर ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ असे सहज विचारतो. टेनेसीत त्या उत्तराने रक्कम थोडी घटते. व्हर्जिनियात तेवढ्यावरच अख्खा दावा नाकारता येतो.