केळवणाला पत्रिका कधीपासून लागली?

लग्नसराई जवळ आली की हल्ली फोनवर एक रंगीत कार्ड येऊन पडतं. वर केळीचं पान, कडेनं झेंडूची महिरप, मधोमध 'केळवण' आणि खाली ठिकाण, वेळ, कपड्यांचा रंग, 'येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा'. काहींवर तर सरळ 'ब्राइडल शॉवर' (लग्नाआधी नवरीला भेटवस्तू द्यायचा अमेरिकी सोहळा) लिहिलेलं असतं, पण औक्षण आणि ओटी तिथेही चुकत नाही. म्हणजे जेवण जुनंच. नवीन आहे ते कार्ड, कारण केळवणाला पत्रिका अशी कधी नव्हतीच.

केळवणात बोलावण्याआधी विचारणं असे. साखरपुडा झाला की मामी, आत्या, शेजारच्या काकू एकेक करून विचारायला लागत, "केळवणाला कधी येताय? गुरुवारी जमेल?" वार ठरे तो येणाऱ्यांच्या सोयीनं. नवरीनं आईवडील-भावंडांसह त्या घरी जायचं, पाटाभोवती रांगोळी, ताटाभोवती फुलं, पुरणपोळी किंवा श्रीखंड, निघताना ओटीत खण-नारळ. असं आज या घरी, परवा त्या घरी. मुलाकडेही तेच, आणि मुंजीच्या बटूचंही तसंच. याला गडगनेर असंही नाव होतं, ते आता फारसं ऐकू येत नाही. देवक बसलं की बाहेर जेवायला जायचं नाही अशी बऱ्याच घरांत रीत, त्यामुळे सगळी केळवणं त्याआधी उरकायची आणि शेवटच्या आठवड्यात नवरीचं पोट बिघडायचं. चार-सहा माणसांच्या जेवणासाठी छापील आमंत्रण कोण काढणार?

 

पत्रिका होती ती लग्नाची, आणि तीही उशिरा आलेली. त्याआधी होती अक्षत. कुंकवात रंगवलेले तांदूळ घेऊन, ऐपत असेल तर वाजंत्री लावून निघायचं. पहिली अक्षत देवाला, पुण्यात कसब्याच्या गणपतीला, मग आप्तांना, मग गावाला. बायकांचं बोलावणं वेगळं. दारात जाऊन कपाळाला कुंकू लावल्याशिवाय ते पुरं होत नसे. छपाई आली तेव्हा तिनं ही रीत मोडली नाही, कागदावर उतरवून घेतली. म्हणून पत्रिकेच्या माथ्यावर 'श्री गजानन प्रसन्न' आणि कुलस्वामिनी, कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं, आणि पहिली प्रत अजूनही देवापुढे.

मजकूर मात्र पत्रलेखनातून आला. 'कृ. सा. न. वि. वि.' हा 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष'चा गोळा, 'चि. सौ. कां.' मधली सौभाग्यकांक्षिणी, शके आणि मिती, मुहूर्ताची घटका. जुन्या पत्रिकांत 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असं बिनदिक्कत छापलेलं असे, आणि खाली वडीलधाऱ्यांची सही. आजच्या नातवंडांना ते वाचून हसू आवरत नाही. शब्दाचा अर्थ सोयरीक एवढाच होता. पुढे तो गळला, 'शुभविवाह' आला, आणि तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी किलबिल आली. ही किलबिल मला कधीच आवडली नाही, पण ती नसलेली पत्रिका कोरडी वाटते हेही खरं.

टंचाईनंही पत्रिकेला हात लावला. मुंबईत १९४३ साली रेशनिंग आलं, आणि त्यानंतरच्या धान्यटंचाईच्या काळात किती जणांना जेवू घालायचं यावर सरकारी मर्यादा असत. कार्याला सगळे, जेवायला मोजके. पत्रिकेच्या पाकिटात भोजनाची वेगळी चिठ्ठी घालायची पद्धतही पुष्कळ घरांत होती. ती कुणाच्या पाकिटात निघाली आणि कुणाच्या नाही, यावरून रुसवेफुगवे होत. केळवणाला ही अडचण नव्हती, तिथे बोलावलं म्हणजे जेवायलाच.

आता शॉवर. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शहरी मध्यमवर्गात रुजला. मुळाशी एक डच दंतकथा सांगतात: बापानं हुंडा नाकारलेल्या मुलीला गावानं संसाराच्या वस्तू जमवून दिल्या आणि तिनं गरीब गिरणीवाल्याशी लग्न केलं. वस्तूंचा वर्षाव, म्हणून शॉवर. कुणी स्वयंपाकघराच्या वस्तूंचा करी, कुणी चादरी-टॉवेलांचा. आमंत्रणपत्र तिथे लागायचंच, कारण काय आणायचं ते सांगावं लागे. १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानानं नवरीच्या पसंतीच्या वस्तूंची नोंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ते कामही सोपं झालं. आपल्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' आणि त्यांच्याकडे आहेराची यादी! तरी एक नियम दोन्हीकडे सारखा होता. शॉवर नवरीच्या आईनं करायचा नाही, ते भेटी मागितल्यासारखं दिसतं. केळवणही घरचं एक सोडलं तर दुसऱ्यांनीच करायचं.

फक्त हे 'दुसरे' कोण, यात फरक होता. तिकडे मैत्रिणी, इकडे नातलग. आणि त्याचं कारण नवरीचं वय. आठ-दहा वर्षांच्या नवरीच्या मैत्रिणी कसलं केळवण करणार? १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं किमान वय १४ केलं, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं १५, १९७८ च्या दुरुस्तीनं १८. प्रत्यक्षात शिक्षण आणि नोकरीनं ते त्याहून पुढे नेलं. मग नवरीला कॉलेजचा ग्रुप आला, ऑफिस आलं, आणि स्वतःच्या पैशानं केळवण करणाऱ्या मैत्रिणी आल्या. त्या वीस-पंचवीस, घर दोन खोल्यांचं. हॉटेलांनी केळवणाची थाळी काढली, ताट सजवून द्यायला लागले. इतक्या माणसांना एका दिवशी, एका जागी आणायचं तर 'गुरुवारी जमेल?' पुरत नाही. कार्ड आलं ते या गर्दीमागून. शॉवर हा शब्द फार तर त्याला चिकटला.

कार्डावर आता निमंत्रक म्हणून 'टीम ब्राइड' असते, आईचं नाव नसतं. आई मात्र दुपारी डायरी उघडून बसते आणि एकेकीला फोन लावते, "मुलींनी ते कार्ड पाठवलंय ना, ते असू दे. मी तोंडी सांगायला फोन केला."