भाजीपाल्याच्या कचऱ्यावर बायोगॅस : कोल्हापूर जिल्ह्यात अनुदानासाठी अर्ज कसा करायचा

गोबरगॅसचं अनुदान फक्त शेणावरच्या संयंत्राला मिळतं, असा समज अजून बऱ्याच गावांत आहे. प्रत्यक्षात केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात शेणाबरोबर शेतातला, परसातला आणि स्वयंपाकघरातला कुजणारा कचराही कच्चा माल म्हणून धरला जातो. त्यामुळे माळवं म्हणजे भाजीपाला करणाऱ्या, घरी एकदोनच जनावरं असलेल्या कुटुंबालाही अर्ज करता येतो. फक्त अर्जात संयंत्राची क्षमता, म्हणजे रोज किती घनमीटर गॅस हवा तो आकडा, लिहिण्याआधी कचऱ्याचं वजन करा. चुकीची क्षमता एकदा मंजूर झाली की पुढे दुरुस्ती अवघड होते.

सलग सात दिवस रोजचा कोबीचा पाला, सडके टोमॅटो, वांगी, भाज्यांची देठं वेगळी ठेवून तोलायची. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. भाजीपाल्याचा कचराही जवळपास तेवढाच, म्हणजे २० ते २५ किलो लागतो, कारण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पाच माणसांच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला सव्वा ते दीड घनमीटर गॅस पुरतो. दोन म्हशींचं २५ किलो शेण आणि २५ किलो पाला रोज मिळत असेल, तर २ घनमीटरचं संयंत्र व्यवस्थित चालतं. माळवं हंगामीच असेल, तर कचरा सगळ्यात कमी मिळतो त्या महिन्याचं वजन धरा.

केंद्राचा हा बायोगॅस कार्यक्रम राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात येतो. त्याच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण गटासाठी केंद्राचं अनुदान असं होतं : १ घनमीटरला ९,८०० रुपये, २ ते ४ घनमीटरला १४,३५०, ६ ला २२,७५०, ८ ते १० ला २३,०००, १५ ला ३७,९५० आणि २० ते २५ ला ५२,८०० रुपये. घरगुती संयंत्राला शौचालय जोडलं तर १,६०० रुपये जादा. ६ आणि ८ घनमीटरच्या अनुदानात फरक फक्त २५० रुपयांचा आहे आणि २ व ४ घनमीटरला रक्कम एकच आहे. अनुदानाकडे बघून मोठं संयंत्र घेतलं तर वाढीव बांधकामाचा खर्च अंगावर पडतो आणि पुढे ते अर्धपोटी चालतं. चालू वर्षाचा दर आणि जिल्ह्याला मिळालेला लक्ष्यांक (वर्षात किती संयंत्रं मंजूर करायची तो आकडा) पंचायत समितीत विचारूनच हिशेब पक्का करा. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून पूरक रक्कम आहे का, हेही त्याच वेळी विचारावं.

अर्ज आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीतल्या कृषी विभागात द्यायचा. करवीर असो की चंदगड, बाराही तालुक्यांत जागा हीच. जिल्हा पातळीवर हे काम जिल्हा परिषदेचा कृषी विभाग बघतो. एका कुटुंबाला एकदाच लाभ मिळतो. आजोबांच्या नावावर पूर्वी अनुदान घेतलं असेल आणि शिधापत्रिका तीच असेल, तर ते आधीच सांगा.

आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, सातबारा व ८-अ, संयंत्र घराशेजारी होणार असेल तर ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, जनावरं आणि कचरा याबाबत ग्रामपंचायतीचा दाखला आणि पासपोर्ट आकाराचा फोटो, एवढी कागदपत्रं तयार ठेवा. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी जातीचा दाखला जोडावा. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि अर्ज सगळ्यात जास्त वेळ तिथंच अडकतो. दुसरी अडचण नावाची. आधारवर ‘बाळासो’ आणि पासबुकावर ‘बाळासाहेब’ असेल तर रक्कम परत जाऊ शकते. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर जुना आयएफएससी कोड देऊ नका. खातं चालू आणि आधारशी जोडलेलं हवं.

अर्जानंतर कर्मचारी जागा बघून जातात आणि केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदणी होते. मंजुरी हातात येईपर्यंत खड्डा काढू नका. आधी बांधलेल्या संयंत्राचं अनुदान अडचणीत येतं. बांधकाम मान्यताप्राप्त नमुन्याचंच हवं : दीनबंधू घुमट (जमिनीखालची घुमटाकार बांधीव टाकी), तरंगती टाकी किंवा मान्यता असलेली तयार टाकी. गवंडी प्रशिक्षित आहे याची खात्री करा, कारण घुमटाच्या गिलाव्यात बारीक भेग राहिली तरी गॅस निसटतो.

जागा उन्हातली, स्वयंपाकघराजवळची आणि विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावी. शिरोळ, हातकणंगल्याच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथं खड्ड्याच्या तळाशी मुरूम भरून पाया पक्का करावा लागतो. पंचगंगा आणि कृष्णेकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ च्या पुराची रेषा बघूनच जागा ठरवावी. शाहूवाडी, राधानगरीकडे पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उपळतं, म्हणून तिकडचं काम डिसेंबर ते मे याच काळात उरकावं. लक्ष्यांक आर्थिक वर्षाचा असल्यामुळे अर्ज मात्र पावसाळ्यातच दिलेला बरा.

अनुदान संयंत्र सुरू झाल्यावरच्या तपासणीनंतर खात्यावर येतं. तपासणीत चुलीवर पेटती ज्योत दिसावी लागते, आणि भाजीपाल्यावरची संयंत्रं नेमकी इथं फसतात. सुरुवातीला निव्वळ पाल्यानं टाकी भरली तर तो झपाट्यानं आंबतो, आम्ल वाढतं आणि मिथेन तयार करणारे जिवाणू मरतात. मग टाकीत वायू साठतो, पण पेटत नाही. म्हणून पहिली भरणी शेणाचीच करा. २ घनमीटरला सुमारे दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं, ते शेजारच्या गोठ्यांतून आधीच ठरवून ठेवा. पहिला वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, तो सोडून द्यायचा. ज्योत निळी टिकू लागल्यावर रोज दोनतीन किलो पाला सुरू करून तीनचार आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यायचं. पाला बोटाच्या पेराएवढा चिरा, मुळांची माती झटका. शेणाला तेवढंच पाणी लागतं, पण पाल्याला त्याहून बरंच कमी.

लिंबाच्या साली, ढीगभर कांदा आणि उसाचं पाचट टाकू नका. पाचट कुजत नाही, वर साय धरून बसतं. बाहेर पडणाऱ्या स्लरीला, म्हणजे पातळ राबड्याला, आंबूस वास आला आणि निळा लिटमस कागद लाल झाला, तर आठवडाभर पाला बंद ठेवून फक्त शेणकाला आणि थोडी चुन्याची निवळी घाला. स्लरी नीट असून ज्योत फडफडत असेल, तर पाइपात पाणी साचलं आहे असं समजा. सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक बसवून घ्या. तपासणीच्या दिवशी बांधणाऱ्याकडून पाच वर्षांच्या देखभालीचं हमीपत्र सहीनिशी घ्या आणि त्याची एक प्रत पंचायत समितीच्या फाइलला लावा.