१२८ व्होल्टच्या खोक्यात पाच सेल

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारातून नट खोलायची बिनवायरची मशीन आणली. दुकानात तिला इम्पॅक्ट रेंच म्हणतात. खोक्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘१२८ व्होल्ट’. एक हंगाम चालली, मग बॅटरी चार्जच घेईना. दुकानदाराने हात वर केले. शेवटी आम्ही बॅटरीचे चार स्क्रू काढून पाहिलं, तर आत करंगळीएवढे पाच सेल ओळीने बसलेले. “दादा, एवढेच?” भाऊ म्हणाला. एवढेच.

लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज त्याच्या रसायनावर ठरतं, खोक्यावरच्या छपाईवर नाही. या जातीचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्ट देतो, अगदी काठोकाठ भरला की ४.२. पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट, चार्जरवरून नुकतीच काढलेली असेल तर २१. म्हणजे ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची दोन नावं झाली. एक नामांकित कंपनी हीच बॅटरी युरोपात १८ व्होल्ट म्हणून आणि अमेरिकेत ‘२० मॅक्स’ म्हणून विकते, त्यातही खोटं काही नाही. पण खरोखर १२८ व्होल्ट हवे असतील तर पस्तीस-छत्तीस सेल लागतील. नुसत्या सेलचंच वजन दीड किलोच्या वर जाईल. खोकं हातात घेतल्यावरच शंका यायला हवी होती.

मग पाहायचं काय? व्होल्ट आणि अँपिअर-तास (किती प्रवाह किती तास मिळेल) यांचा गुणाकार. तो वॅट-तासांत येतो आणि बॅटरीत माल किती भरलाय ते सांगतो. फवारणीचा बॅटरी पंप आता बहुतेक घरी आहे. त्यातली शिशाची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची असते, म्हणजे ९६ वॅट-तास. अवजाराची १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची बॅटरी ७२ वॅट-तासांची. फरक फार नाही, पण पंपाची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते आणि ही पाऊण किलोच्या आत.

हे ७२ वॅट-तास कशावर खर्च होतात, यावर सगळी गंमत आहे. चार इंची ग्राइंडर जोर लावून चालवला तर सहज ५०० वॅट ओढतो. भागाकार करा, साधारण साडेआठ मिनिटं. एका अँगलचे चार-सहा तुकडे कापेपर्यंत बॅटरी खाली. आता रोटाव्हेटर घ्या. सहा फुटी रोटाव्हेटरला ४२ पाती, प्रत्येक पात्याला दोन बोल्ट, एकूण ८४ नट. इम्पॅक्ट रेंचही तेवढेच ५०० वॅट ओढते असं धरलं, तरी एका नटाला पाच सेकंद लागतात, म्हणजे पाऊण वॅट-तासापेक्षाही कमी. सगळी पाती उतरवून बॅटरीत थोडी धुगधुगी उरते. अडून अडून होणारं काम बॅटरीला मानवतं, सलग रेटा मानवत नाही. म्हणून शेतावर पहिलं बिनवायरचं हत्यार कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी इम्पॅक्ट रेंचच सांगतो, ग्राइंडर नाही. ठिबकच्या सबमेन पाइपला ग्रोमेटची (रबरी कडीची) भोकं पाडायला ड्रिल छानच, ती दुसरी.

या रेंचची करामत समजून घेण्यासारखी आहे. गंजलेला नट आपण पान्यावर पाइप घालून सोडवतो. मीटरभर पाइपच्या टोकावर तीस किलो वजन टाकलं की नटाला सुमारे ३०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. एवढा पीळ हातातल्या मशीनने सलग दिला असता, तर नट जागेवर राहून माणूसच फिरला असता. म्हणून आत स्प्रिंगवर बसवलेला एक हातोडा असतो. नट अडला की हातोडा मागे सरकतो, अडसर ओलांडतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढच्या दातावर जाऊन आदळतो. मिनिटाला दोन-तीन हजार ठोके. फिरत्या हातोड्यात साठलेली ऊर्जा क्षणार्धात नटावर उतरते, आपल्या मनगटापर्यंत फक्त थरथर पोचते. आपला लोहार अडकलेला खिळा ढकलून काढत नाही, ठोकून काढतो. हे तेच.

पण हाच जोर घट्ट करताना घात करतो. १२ मिलिमीटरच्या चांगल्या बोल्टला ८०-९० न्यूटन-मीटर पुरतात, ही मशीन त्याचं मुंडकंच उडवेल. बसवताना नट मशीनने टेकवायचा आणि शेवटचा पीळ हातपान्याने द्यायचा. गोट्याही (नटावर बसणारे सॉकेट) काळ्या, इम्पॅक्टसाठीच्या घ्याव्यात. चकचकीत गोटी ठोक्यांनी तडकते आणि तिचा तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो.

आता पुन्हा त्या पाच सेलकडे. १८ व्होल्टवर ५०० वॅट म्हणजे २८ अँपिअरचा प्रवाह. पाच सेलच्या एकाच ओळीत हा सगळा भार प्रत्येक सेलमधून जातो. दहा सेलच्या दुहेरी ओळीत तो निम्मा होतो. सेलच्या आतला विरोध प्रवाहाला अडवतो, व्होल्टेज खाली बसतं आणि वाया गेलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून प्रवाह निम्मा झाला की प्रत्येक सेल चौथ्या हिश्शानेच तापतो. मोठी बॅटरी नुसती जास्त वेळ चालत नाही, तीच मशीन तिच्यावर जोरकसही चालते. लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्येच बाजारात आणले होते, पण ते कॅमेऱ्यासारख्या नाजूक भारासाठी. एवढा प्रवाह सोसणारे सेल घेऊन हत्यारं बाजारात यायला २००५ उजाडलं. तोवर निकेल-कॅडमियमवर भागत होतं.

मोटरबद्दल थोडक्यात. कार्बन ब्रश असलेली स्वस्त असते, तिचे ब्रश झिजतात आणि आपल्या काळ्या मातीची धूळ ते काम लवकर उरकते. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारं काही नाही, प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनिक सर्किट बदलतं. परवडत असेल तर तीच घ्यावी.

आमची खरी चूक मात्र खरेदीपेक्षा सांभाळण्यात होती. भावाने या बॅटरीला फवारणी पंपाच्या बॅटरीची शिस्त लावली. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की मरते, म्हणून ती कायम भरलेली ठेवायची. लिथियमचं उलट. गच्च भरून उन्हात ठेवली तर तिची ताकद आतल्या आत झिजते. अकोल्याकडच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि बॅटरी तिथंच महिनाभर चार्जरला लटकलेली. लांब ठेवायची असेल तर निम्मी भरून, घरातल्या गार जागी. अगदी निपटून रिकामीही नको, कारण सेल फार खाली गेला तर आतलं तांबं विरघळतं आणि तो पुन्हा भरणं धोक्याचं ठरतं. भर उन्हात काम केलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, ४० अंशांच्या पुढे चार्जिंग तिला झेपत नाही. चांगल्या बॅटरीला दोनापेक्षा जास्त टोकं असतात, त्यातलं एक चार्जरला तापमान कळवायला. आमच्या खोक्यातल्या बॅटरीला दोनच होती.

मळ्यात वीज रात्रीची आली तर चार्ज कसं करायचं? ट्रॅक्टर आहे ना. ७२ वॅट-तास भरायला तूट धरून नव्वदेक लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून साडेसात अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी ७५-८० अँपिअर-तासांची असते, तिचा दहावा हिस्सा. छोटा इन्व्हर्टर पुरतो. ओल्या बांधावरून २३० व्होल्टची जोड मारलेली वायर ओढत नेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्या वायरीने गेलेली माणसं प्रत्येक गावाला माहीत आहेत.

वेल्डिंग, कॉम्प्रेसर, चौदा इंची कटर यांना बॅटरी शोधत बसू नये. आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, तेव्हा पहिल्या खरेदीतच पुढची चार हत्यारं कोणाची घेणार हे ठरून जातं. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे का, हे विचारूनच ठरवावं.

भावाने यंदा १८ व्होल्टची ब्रशलेस रेंच घेतली, सोबत दहा सेलच्या दोन बॅटऱ्या. ग्राइंडर वायरवालाच ठेवला. उन्हाळ्यात बॅटऱ्या स्वयंपाकघरात माठाशेजारच्या फडताळात असतात, आणि मावशी रोज विचारते, हे लोखंड माझ्या डब्यांत कधीपर्यंत राहणार आहे.