एसएनएमपी

राउटर, स्विच, प्रिंटर, यूपीएस यांसारख्या उपकरणांची स्थिती दुरून पाहण्यासाठी आणि काही प्रमाणात त्यांच्या सेटिंग बदलण्यासाठी वापरला जाणारा प्रमाणित प्रोटोकॉल. पूर्ण नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. उपकरणातील ‘एजंट’ हा छोटा प्रोग्राम ‘मॅनेजर’च्या (देखरेख करणाऱ्या संगणकावरील प्रोग्रामच्या) प्रश्नांना यूडीपी (छोटे संदेश पाठवण्याची साधी पद्धत) पोर्ट १६१ वर उत्तरे देतो, बिघाडाची खबर तो आपणहून १६२ वर पाठवतो, तिला ‘ट्रॅप’ म्हणतात.

जन्मवर्ष १९८७ की १९८८, हे आरंभ कशाला मानायचा त्यावर अवलंबून आहे. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांचा एसजीएमपी (सिंपल गेटवे मॉनिटरिंग प्रोटोकॉल) नोव्हेंबर १९८७ मध्ये आला (आरएफसी १०२८; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका). मात्र त्याचा रोख गेटवेंच्या, म्हणजे नेटवर्कना एकमेकांशी जोडणाऱ्या उपकरणांच्या, देखरेखीवर होता. त्याच सुमारास पार्ट्रिज आणि ट्रेविट यांचा एचईएमएस आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचा सीएमआयपी हे देखरेखीचे पर्यायी प्रोटोकॉलही पुढे होते. एप्रिल १९८८ च्या आरएफसी १०५२ मध्ये इंटरनेटच्या आद्य रचनाकारांपैकी एक व्हिंट सर्फ यांनी नोंदवलेल्या शिफारशींनुसार एसजीएमपीचा विस्तार हा तात्पुरता उपाय आणि सीएमआयपी हा पुढचा मार्ग ठरला; एचईएमएस त्याच्या कर्त्यांनी मागे घेतला. ऑगस्ट १९८८ मध्ये त्याच चौघांनी आरएफसी १०६७ द्वारे एसएनएमपी मांडला. म्हणून १९८८ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक. तात्पुरता उपायच टिकला, याचे श्रेय बहुधा त्याच्या साधेपणाला दिले जाते. त्याहून महत्त्वाची वाटते ती माहितीची व्याख्या प्रोटोकॉलपासून वेगळी ठेवण्याची रचना. ही व्याख्या, म्हणजे एमआयबी (उपकरणाला काय काय विचारता येईल याची यादी), एसएनएमपी आणि सीएमआयपी या दोन्ही प्रोटोकॉलना चालावी असा मूळ बेत होता. १९८९ मध्ये तो सोडला गेला, पण रचना राहिली. त्यामुळे प्रत्येक उत्पादकाला मूळ प्रोटोकॉलला हात न लावता स्वतःच्या नोंदींची भर घालता आली.

एमआयबीतील प्रत्येक नोंदीला आकड्यांचा पत्ता (ओआयडी) असतो. १.३.६.१.२.१.१.३.० विचारले की एजंट सुरू झाल्यापासूनचा काळ सेकंदाच्या शतांशात मिळतो. हा आकडा ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. उपकरण रीस्टार्ट झाले, असा गैरसमज त्यातून होतो. पोर्टवर आलेले बाइट मोजणाऱ्या जुन्या काउंटरची अडचण याहून मोठी. १० मेगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लाइनवर तो सुमारे ५७ मिनिटांत भरतो, १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत. दर पाच मिनिटांनी पोलिंग (एजंटकडे विचारणा) केल्यास मधल्या काळात तो किती वेळा उलटला हे कळतच नाही आणि आलेख फसवा निघतो. यासाठीच पुढे ६४ बिटांचे काउंटर आले.

पहिल्या आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग (मॅनेजर आणि एजंट यांना ठाऊक असलेला सामायिक शब्द) हाच पासवर्ड, तोही एन्क्रिप्शनविना उघडा जाई. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीची सुरक्षाव्यवस्था किचकट ठरली. रुळली ती कम्युनिटी स्ट्रिंगच कायम ठेवणारी दुसऱ्या आवृत्तीची उपआवृत्ती व्ही२सी (१९९६). ओळखपडताळणी आणि एन्क्रिप्शन देणारी तिसरी आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. सेटिंग बदलण्याच्या कामासाठी २००६ मध्ये नेटकॉन्फ हा वेगळा प्रोटोकॉल प्रमाणित झाला.