ब्रेक सुटतो का, ते बघा

पॅड बदलून सहा महिनेही झाले नाहीत, तोच पुढच्या डाव्या चाकाचा पॅड पुन्हा संपला. चाकाजवळ गेलं की जळका वास. गॅरेजमध्ये पुन्हा नवे पॅड बसतात, बिल होतं आणि पावसाळा उलटला की तीच तक्रार. ब्रेक नीट लागतो का, हे सगळेच बघतात. इथे मात्र बघायचं असतं तो नीट सुटतो का ते.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातल्या, पिस्टनला ढकलतो आणि दोन्ही पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळतात. पाय काढल्यावर पिस्टनला मागे ओढायला बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये स्प्रिंग नसतेच. ते काम करते पिस्टनभोवतीची चौकोनी काठांची एक रबरी रिंग. पिस्टन पुढे सरकताना ती किंचित मुरडते, दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाएवढं मागे घेते. चाक मोकळं फिरतं ते एवढ्याशा फटीमुळे! मला ही रचना फार सुंदर वाटते. पण पिस्टनवर गंज चढला की रबराची ताकद अपुरी पडते.

दुसरा संशयित म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना. काढलेले पॅड फेकू नका, शेजारी ठेवून बघा. आतला पार झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर पिना अडकल्याची शक्यता मोठी. तिसरा संशयित म्हणजे कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारी रबरी नळी. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण जुनी झाली की आतून फुगते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येताना मात्र तेवढा जोर नसतो आणि दाब कॅलिपरमध्येच कोंडून राहतो.

यांतलं नेमकं कोण, हे शोधायची युक्ती साधी आहे. गाडी उचलून स्टँडवर टेकवून ब्रेक दाबायचा, सोडायचा. चाक जड फिरत असेल तर मेकॅनिकने कॅलिपरचं ब्लीड निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करावं. ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब कोंडला होता: दोष एकाच चाकात असेल तर आधी नळी तपासावी, एकाहून जास्त चाकांत असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा भाग. चाक तरीही जडच राहिलं, तर पिस्टन किंवा पिना. नंतर ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला विसरू नये.

घाटात हा दोष जिवावर बेतू शकतो. 1200 किलोची गाडी 600 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 70 लाख जूल ऊर्जा मोकळी होते. वीसेक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी! इंजिनाने गाडी रोखली नाही तर यातली बरीचशी ब्रेकमध्ये उतरते. चाक आधीच घासून तापलेलं असेल आणि ऑइल जुनं असेल, तर ते उकळू शकतं. डॉट 4 या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. वाफ दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

पिना मोकळ्या करताना हाताशी असलेलं साधं ग्रीस लावू देऊ नका. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि साफ केलेली पिन पुन्हा अडकते.